भूतकाळ सर

सरांना ती नोकरी लागली दुसऱ्याच्या चुकीमुळे. चष्म्याचा नंबर तपासायला ते एका दुकानात गेले होते. काउंटरवरच्या इंग्रजी पाटीत स्पेलिंगची एक चूक होती, ती त्यांनी दुकानदाराला दाखवली. मग पावतीवरची दुसरी दाखवली, आणि भिंतीवरच्या वेळापत्रकातली तिसरी. दुकानदार कंटाळून म्हणाला, "साहेब, तुम्ही वर तिसऱ्या मजल्यावर जा. तिथं एक बाई अशाच माणसाच्या शोधात आहेत."

तिसऱ्या मजल्यावर मेट्रन बसायच्या. मोठ्या हॉस्पिटलात हेड नर्स म्हणून जन्म काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण हाक अजून तीच. परदेशातल्या वृद्धाश्रमांत नोकरीला जाणाऱ्या बायकांना त्या तयार करत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, त्याला ठसका न लागता कसं भरवायचं, हे शिकवायला खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी खाटेवर एक रबरी पुतळा पांघरूण घेऊन पडलेला असे. मुली त्याला काका म्हणत. या कामात बायका पटकन तयार व्हायच्या. घोडं पेंड खात होतं ते इंग्रजीपाशी. जाण्याआधी बोलण्याची परीक्षा द्यावी लागे. अनोळखी परीक्षकासमोर बसून पंधरा मिनिटं नुसतं बोलायचं. आधीच्या तुकडीतल्या निम्म्या जणी तिथंच अडकल्या होत्या.

"किती वर्षं शिकवलंत?" मेट्रननी विचारलं.

"तेहेतीस. शाळेत."

"मग उद्या दोनला या."

दोनला, हे ऐकून सरांना बरं वाटलं. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा दुसऱ्या शहरात, त्याचा रविवारी फोन येई. सकाळ कशीतरी निघून जायची. पेपर असे, स्वयंपाक असे, दूध आणायचं असे. पण दुपारी दोन ते पाच या वेळेचं काय करायचं, ते त्यांना दीड वर्षात उमगलं नव्हतं. कधी ते कपाट आवरत, आणि दुसऱ्या दिवशी आवरायला काही उरावं म्हणून एक कप्पा तसाच ठेवत.

वर्गात अकरा जणी होत्या. दहा जणी विशी-पंचविशीतल्या, आणि एक चव्वेचाळीस वर्षांची, तिला सगळ्या मावशी म्हणत. सर शाळेत शिकवायचे तसंच शिकवू लागले. फळ्यावर तक्ता, तक्त्याखाली नियम, नियमाखाली दहा वाक्यं. भूतकाळावर त्यांनी तीन आठवडे घालवले. मग मुलींनी त्यांचं नाव भूतकाळ सर पाडलं. ते त्यांच्या कानावर आलं, पण ते रागावले नाहीत. शाळेत याहून वाईट नावं पडली होती.

तक्ते मुलींना पाठ झाले. बोलायची वेळ आली की मात्र सगळ्यांच्या माना खाली.

"काल काय केलंत ते सांगा," सरांनी एकदा पुढच्या बाकावरच्या मुलीला सांगितलं.

ती उठली. "यस्टरडे आय गो मार्केट."

"वेन्ट. गो नाही. परत."

"यस्टरडे आय वेन्ट मार्केट."

"टू कुठं गेलं? आणि मार्केटच्या आधी काय लागतं? परत."

"यस्टरडे," मुलगी म्हणाली, आणि थांबली. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली बसली. काल बाजारात काय झालं, ते कुणालाच कळलं नाही.

महिना झाल्यावर मेट्रन एक दिवस मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी सरांना थांबवलं.

"तासाभरात या अकरा जणी मिळून एकोणीस वाक्यं बोलल्या. तुम्ही चुका काढल्यात त्रेचाळीस."

"चुका होत्याच तेवढ्या."

"असतील. पण पेशंटचा ताप दर मिनिटाला मोजला तर तो बरा होत नाही, सर. त्याला झोप मिळत नाही, एवढंच."

"चूक वेळेवर धरली नाही तर ती मुरते."

"गप्प बसणंही मुरतं," मेट्रन म्हणाल्या.

सरांनी डस्टर उचललं आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसला.

मेट्रननी नवा नियम घातला. शेवटचा तास जोड्या करून बोलायचं. एकीनं सेविका व्हायचं, दुसरीनं म्हातारं माणूस. कुणी थांबवायचं नाही. सरांनी फिरून ऐकायचं, चुका कागदावर लिहायच्या, आणि सांगायच्या त्या दुसऱ्या दिवशी, कुणाचं नाव न घेता. अकराच्या जोड्या लावताना मावशी उरल्या. पोरींनी आपापल्या मैत्रिणी धरल्या होत्या.

"तुम्ही बसा त्यांच्याबरोबर," मेट्रन म्हणाल्या. "म्हातारे व्हा."

"ते जमेल मला," सर म्हणाले.

खाटेजवळ दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. मावशी पदर खोचून समोर बसल्या. अर्धांगानं पडलेल्या सासूचं त्यांनी नऊ वर्षं केलं होतं. नवऱ्यानं मधेच दुसरं घर थाटलं, पण सासू मावशींकडेच राहिली. सासू गेली, मुलीचं लग्न झालं, आणि मावशींना आपल्या हाताला येणारं एकच काम उरलं. ते परदेशात चांगल्या पगारावर मिळतं म्हणून त्या इथं आल्या होत्या. माणूस उचलण्यात, भरवण्यात त्या मेट्रननाही भारी होत्या. इंग्रजी मात्र सहावीत सुटलेलं.

पहिल्या दिवशी सरांची बोटं पेन्सिलीवर आवळली गेली. मावशींच्या इंग्रजीत ना आगा ना पिछा. ए आणि द ही जी दोन चिमुकली उपपदं आपल्या भाषेत नाहीतच, ती त्यांच्या वाक्यात कुठंही उगवत, आणि हवी तिथं नसत. सरांनी कागदावर सतरा चुका लिहिल्या आणि ओठ घट्ट मिटून ठेवले. पण गंमत अशी झाली, की उत्तर द्यायची पाळी आली तेव्हा तेच अडखळले. मावशींनी विचारलं होतं, जेवलात का, काय जेवलात. साधा प्रश्न. तेहेतीस वर्षं सरांनी इंग्रजी शिकवलं होतं, तपासलं होतं, त्यात पेपर काढले होते. पण इंग्रजीत त्यांना आजवर कुणी जेवलात का म्हणून विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. मावशी हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिल्या. त्यांना वाट बघायची सवय होती.

सुरुवातीला सरांनी एक परदेशी म्हातारा रचला. त्याला बाग होती, एक बहिरा कुत्रा होता, तीन मुली होत्या. मावशी रोज कुत्र्याची चौकशी करत. दहाबारा दिवस हे चाललं. मग एका दुपारी मावशींनी विचारलं, "तुम्हाला भेटायला कोण येतं?" सरांना त्या दिवशी मुलींची नावं सुचेनात. ते म्हणाले, "कुणी नाही."

ते खरं होतं. बोलून झाल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. त्या दिवसानंतर कुत्रा आणि बाग मागे पडली.

परक्या भाषेत खरं बोलणं सोपं जातं, हे सरांना ठाऊक नव्हतं. आपल्या भाषेत "एकटं वाटतं" म्हणायला त्यांची जीभ रेटली नसती. मुलानं रविवारी विचारलं, की ते "मजेत" म्हणत. पण इंग्रजीत ती तीन शब्दांची वाक्यं होती, तक्त्यातल्यासारखी. रात्री झोप लागत नाही. रेडिओ चालू ठेवतो. दोन कप चहा होतो, एक ओतून देतो. मावशी मान हलवत, पुढचा प्रश्न विचारत. भोवती पाच जोड्यांचा कलकलाट चालू असे, त्यामुळे कुणाच्या कानावर काही जात नसे.

पावणेदोन महिने झाले असतील. मावशींनी विचारलं, "बायको कशी गेली?"

पुढचं सगळं दोघं इंग्रजीत बोलले. ते आपल्या भाषेत आणायचं तर जसं होतं तसंच मोडकंतोडकं आणावं लागेल.

"तिच्या डोक्यात रक्त साकळलं," सर म्हणाले. "ती वाचली. चालत होती. पण शब्द गेले. मग शब्द परत आले, पण चुकीच्या जागी. चमचा हवा असला की ती किल्ली म्हणायची."

"मग?"

"मी म्हणायचो, किल्ली नाही, चमचा. म्हण, चमचा. मला वाटलं, असं केलं की ती शिकेल. मी शिक्षक होतो. मी रोज केलं. सकाळी, दुपारी, जेवताना. दोन महिने. मग ती माझ्याशी बोलायची थांबली."

मावशींनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"सहा महिने. एक शब्द नाही. बोट दाखवायची. पण आमच्याकडे भांडी घासायला एक बाई यायची. तिच्याशी बोलायची. स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. मी बाहेर बसायचो. नळ चालू असायचा, शब्द कळायचे नाहीत. पण हसणं ऐकू यायचं. दोघी हसायच्या. मी दारात गेलो की थांबायच्या. मग ती गेली."

पेन्सिल हातात होती, कागद कोरा होता. मावशींनी बराच वेळ शब्द जुळवले.

"माझी सासू," त्या म्हणाल्या, "तिला एक शब्द होता. पातेलं. पाणी पाहिजे, पातेलं. पाठ दुखते, पातेलं. मुलगा कुठं आहे, पातेलं. मी कधी नाही म्हणाले नाही. मी पाणी आणायची. ती फेकायची. मग मी चहा आणायची."

"तुमच्यावर माया होती तिची?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "ती मला आवडून घेत नाही. शेवटपर्यंत नाही. पण ती बोलत होती."

सरांनी खाली बघितलं. खाटेवरच्या पुतळ्याचं पांघरूण सरकलं होतं. मावशींनी बसल्या बसल्या हात लांब करून ते नीट केलं.

"त्या दोघी," मावशींनी विचारलं, "काय बोलतात, तुम्ही त्या बाईला विचारलं?"

"नाही."

"का?"

सरांनी कोऱ्या कागदाची घडी घातली. तेवढ्यात मेट्रननी टाळी वाजवली, वेळ संपली होती.

त्यानंतर सरांचं शिकवणं बदललं. एका दिवसात नाही. जित्याची खोड सहजासहजी जात नाही. कधी तोंडातून "वेन्ट" निघून जायचं, मग ते स्वतःच ओठावर बोट ठेवत आणि मुली हसत. पण मुलगी बोलत असली की तिचं वाक्य संपेपर्यंत ते थांबू लागले. ती काय म्हणतेय ते आधी विचारू लागले, आणि मग तेच बरोबर करून, सहज बोलल्यासारखं, तिच्यापुढे ठेवू लागले. पुढच्या बाकावरच्या मुलीनं एक दिवस बाजाराची हकिगत पूर्ण सांगितली. पाकीट मारणाऱ्याचा तिनं हात धरला होता, आणि तो तिच्याच आत्याचा दीर निघाला. सगळा वर्ग पोट धरून हसला. क्रियापदं सगळी चुकली होती.

परीक्षेला अकरा जणी बसल्या, नऊ जणी पास झाल्या. मावशी अगदी काठावर. निकालानंतर त्या भेटायला आल्या तेव्हा वर्ग रिकामा होता.

"काय विचारलं परीक्षकानं?" सरांनी विचारलं.

"ओळखीच्या एका माणसाबद्दल सांगा म्हणाला. मी तुमच्याबद्दल सांगितलं. चाललं ना?"

"काय सांगितलंत?"

"जे ठाऊक होतं ते. एकटे राहायचे, दोन कप चहा करायचे, शिकवायचे चांगलं. तुम्ही भूतकाळ पक्का करून घेतलाय, म्हणून सगळं त्यातच सांगितलं. त्याला वाटलं, तुम्ही गेलात. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग मीही काही बोलले नाही, म्हटलं मार्क तरी मिळतील."

सर हसले. गेल्या दीड-दोन वर्षांत ते असे हसले नव्हते. मावशीही हसल्या. मग बॅगेचं वजन किती चालतं, तिकडं थंडी किती असते, असं काहीबाही बोलून त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "सर, त्या बाईकडे जाऊन या." आणि जिना उतरून गेल्या.

पुढची तुकडी यायला तीन आठवडे होते. दुपारी पुन्हा रिकाम्या झाल्या. पहिला आठवडा सरांनी कपाटं आवरण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले आणि त्यांनी भांडीवाल्या बाईचा पत्ता विचारला. बायको गेल्यावर पंधराच दिवसांत त्यांनी तिला नको म्हणून सांगितलं होतं. एका माणसाची भांडी ती किती.

बाई दोन गल्ल्या सोडून राहत होती. एक खोली, दाराशी सुकत घातलेले कपडे, आत शिलाई मशीन. तिनं सरांना ओळखलं आणि गडबडीनं खुर्चीवरचा ढीग उचलला.

"बसा, साहेब. बरे आहात ना? घरी भांडी कोण करतं आता?"

"मीच."

"मला बोलवायचं की."

सरांनी पाणी घेतलं. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीनदा जुळवलं होतं, पण आयत्या वेळी सगळं विस्कटलं. ते एकदम म्हणाले, "तुम्ही दोघी दार लावून काय बोलायचात?"

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला नव्हतं ठाऊक? आमची शाळा चालायची."

"कसली शाळा?"

"वहिनींना तुमच्याशी बोलायचं होतं. पण नीट आल्याशिवाय नाही. तोंडानं सांगता यायचं नाही, हातानं सांगायच्या. तुमच्या खुर्चीकडे बोट, मग कान पकडायच्या, चुकलेलं तुम्हाला ऐकवायचं नाही म्हणून. एक वाक्य पक्कं करत होत्या. मी काय शिकवणार, मी चौथीत शाळा सोडलेली. त्या म्हणायच्या, मी ऐकायची. चुकलं की आधी त्याच हसायच्या, मग मी."

सर हातातल्या भांड्याकडे बघत राहिले.

"कुठलं वाक्य?"

"अहोपासून सुरू व्हायचं," बाई म्हणाली. "अहो बरोब्बर यायचं, दर वेळी. पुढं घसरायचं."

"पुढं काय होतं?"

"ते कसं सांगू, साहेब. लांब होतं. रोज वेगळे शब्द यायचे. कधी पिशवी यायची, कधी दिवा, कधी पाऊस. त्यात खरा शब्द कुठला, ते मला तरी काय कळणार?"

"कधीच नाही जमलं?"

बाईनं मशीनवरचा धागा उगाच तोडला. "एकदा त्यांना वाटलं जमलं. हात पुसले आणि तशाच बाहेर गेल्या. मी दाराआडून बघत होते. तुम्ही पेपर वाचत होतात. त्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. अहो म्हणाल्या, हळूच. तुम्ही वर बघितलंत."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही बघतच राहिलात, आता काय म्हणतेय म्हणून. पुढचं येईना, तशा त्या आत आल्या. त्या दिवशी हसल्या नाहीत."

सरांनी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. खुर्ची आठवली, पेपर आठवला, अशा कितीतरी दुपारी आठवल्या. तो एक दिवस मात्र त्यांच्याकडे नव्हता. ती आपल्याला अहो म्हणाली होती, आणि ते आपण ऐकलं की नाही, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

बाईनं चहा टाकला. सर नको म्हणाले नाहीत. चहा पिताना ती आपल्या गुडघ्यांबद्दल बोलली, मशीनवर पिशव्या शिवून देते त्याबद्दल बोलली, सुनेबद्दल थोडं चांगलं आणि बरंच वाईट बोलली. सर ऐकत होते. निघताना त्यांनी विचारलं, "पुन्हा आलो तर चालेल?"

"या की. पण मला ते काही आठवणार नाही हो, साहेब. उगाच आशा लावून बसू नका."

घरी येऊन त्यांनी मुलाला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे मुलगा घाबरला. "बाबा, काय झालं? बरं आहे ना?" सरांनी तोंड उघडलं. आईची हकिगत सांगायची होती, आणि ती कुठून सुरू करावी ते सुचेना. पलीकडे कुणीतरी त्याला ऑफिसात हाक मारत होतं. "काही नाही, सहज," सर म्हणाले. "तू कर तुझं काम."

नवी तुकडी आली. सर दोनला जातात, पाचला येतात. मावशींचे अधूनमधून मेसेज येतात, चुकांनी भरलेले. तिकडं बर्फ आहे, काम भरपूर आहे, एक म्हातारा त्यांना रोज आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारतो. सर उत्तर पाठवतात. बाईच्या गोष्टीचं मात्र त्यांनी अजून कळवलेलं नाही. दोनदा लिहायला घेतलं, दोन्ही वेळा पुसून टाकलं.

महिन्यातून एकदा ते बाईकडे जातात. जाताना पावशेर साखर नेतात. ती मशीन चालवते आणि बोलते, ते खुर्चीवर बसून ऐकतात. कधी बोलता बोलता ती पाय थांबवते. मशीन गप्प होते. "थांबा हं," ती म्हणते. "अहो... अहो, तुम्ही..." सर हलत नाहीत. ती डोळे बारीक करून छताकडे बघते, ओठ हलवून बघते, मग मान हलवते आणि पुन्हा कापड सुईखाली सरकवते.